सत्तर-तीस : मराठवाड्यातल्या मेडिकल प्रवेशाच्या भांडणाची मुळं

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात चहाच्या टपरीवर तेच प्रश्न ऐकू येतात. स्टेट रँक किती? कॅटेगरी कोणती? गेल्या वर्षी अंबाजोगाईचा कट-ऑफ कितीवर थांबला होता? २०२० पर्यंत यात आणखी एक प्रश्न असायचा: "बारावी कुठून केली?" त्या एका उत्तरावर मुलाच्या सत्तर टक्के वाटा उघडायच्या किंवा बंद व्हायच्या. हा प्रश्न आला कुठून, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

निजामाच्या काळात मराठवाड्याच्या मुलाला पदवीपर्यंत शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे. तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू. औरंगाबादला १९२३ पासून सरकारी कॉलेज होतं, पण ते इंटरपर्यंतच, म्हणजे पदवीच्या आधीच्या टप्प्यापर्यंतच. त्यामुळे १९४८ मध्ये हा भाग मुक्त झाला तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर घडवणारी व्यवस्थाच इथं नव्हती. पुढे संयुक्त महाराष्ट्रात जाताना हीच धास्ती होती, की पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे आपली पोरं टिकणार कशी? म्हणून मराठी भाग एकत्र आणण्यासाठी नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारात धंदेशिक्षणाचे प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचं कलम आलं. १९५६ च्या घटनादुरुस्तीतल्या कलम ३७१(२) मध्येही तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींचा उल्लेख आहे. म्हणजे प्रवेशातला न्याय हा आपल्याकडे प्रदेशाचा प्रश्न म्हणून पहिल्यापासून लिहिला गेला. औरंगाबादचं मेडिकल कॉलेज १९५६ चं, विद्यापीठ १९५८ चं. अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यायला सत्तरचं दशक उजाडलं, नांदेडला १९८८, लातूरला तर २००२.

१९८५ पासून सत्तर-तीसचं सूत्र आलं. राज्याचे तीन भाग केले: मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र. त्या त्या भागातल्या सत्तर टक्के जागा तिथल्याच मुलांना, तीस टक्के सगळ्या राज्याला खुल्या. हेतू चांगला होता आणि तेव्हा त्याची गरजही होती, असं मला वाटतं. इथल्या जागा इथल्या पोरांसाठी राखल्या नसत्या तर त्याही हातून गेल्या असत्या.

पण सूत्र तिथंच थांबलं आणि पोरं पुढे गेली. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजांत जादा तास, सराव परीक्षा, पेपर तपासून चुका दाखवणं, असा शिस्तीचा रेटा उभा राहिला. 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर गेला. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत कोरडवाहू शेतकऱ्याची मुलं दिसू लागली. कोल्हापूर-सोलापूरकडची मुलंसुद्धा खोली घेऊन, मेस लावून इथं राहायला लागली. बहुतेक कॉलेजं मात्र मुंबई, पुणे आणि पश्चिम महाराष्ट्रातच होती. मग व्हायचं असं, की मराठवाड्यातल्या मोजक्या जागांसाठी इथलीच हुशार मुलं एकमेकांशी झुंजायची आणि त्यांच्याहून कमी गुण असलेल्या मुलाला उर्वरित महाराष्ट्रात जागा मिळायची. प्रदेश जन्मगावावरून ठरत नव्हता. बारावी जिथं झाली तो तुमचा प्रदेश. त्यामुळे दहावीनंतर कुठं पाठवायचं, हा निर्णय घेतानाच आईबाप सत्तर-तीसचं गणित मांडत. पंधरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हे ओझं नको होतं.

मधल्या काळात परीक्षाही बदलली. आधी बारावीचे गुण, मग राज्याची प्रवेशपरीक्षा सीईटी, मग देशभराची नीट. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. गल्लीत टँकरसाठी रांगा, घागरी, भांडणं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने नीट बंधनकारक केली. राज्य बोर्डाच्या पुस्तकांवर दोन वर्षं घासलेली पोरं एका रात्रीत एनसीईआरटीची, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाची पुस्तकं शोधू लागली. त्या वर्षीच्या नीटचा पेपर फक्त इंग्रजी आणि हिंदीत होता. मराठीतून तो पुढच्या वर्षी आला. मे अखेरीस केंद्राच्या अध्यादेशाने राज्याच्या जागांना नीटमधून वर्षभराची सूट मिळाली, पण मधले ते दिवस मुलांनी कसे काढले ते घरच्यांनाच ठाऊक.

८ सप्टेंबर २०२० रोजी तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री आणि लातूरचे आमदार अमित देशमुख यांनी विधानसभेत सत्तर-तीस रद्द केल्याचं जाहीर केलं. नीट पाच दिवसांवर होती. निर्णय मला योग्यच वाटतो, पण वेळ चुकली. नियम बदलायचा तर वर्षाच्या सुरुवातीला बदलावा, पेपरच्या तोंडावर नाही. २०२४ च्या नीट पेपरफुटीच्या तपासात लातूरमध्येही शिक्षकांना अटक झाली, तेव्हा इथल्या हजारो प्रामाणिक पोरांच्या गुणांकडेही संशयाने पाहिलं गेलं. ते दुखणं अजून गेलेलं नाही.

जागा मात्र वाढल्या. धाराशिवला २०२२ मध्ये, परभणीला २०२३ मध्ये आणि जालना-हिंगोलीला २०२४ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. हिंगोलीची मुलगी आता पसंतीक्रम भरताना सगळ्यात वर मुंबईचं केईएम लिहिते आणि यादीत खाली आपलं गावही लिहिते. बारावी कुठून केली, हे तिला आता कुणी विचारत नाही.