‘आता पान लागणारच’?

‘तासभर पान लागलं नाही, म्हणजे आता लागणारच’ हा फॉरवर्ड सांगलीत दिवाळीच्या तीन पत्तीपासून पोकरच्या टेबलापर्यंत फिरतो. वाटतं तसं, मलाही वाटायचं. पण प्रत्येक डावाआधी 52 पानं गोळा करून पुन्हा पिसतात, आणि कॅटला मागचं काही आठवत नाही. पोकरमध्ये हातात येणारी दोन्ही पानं एक्के असण्याचं गणित बघा: पहिला एक्का 52 पैकी 4, दुसरा 51 पैकी 3. गुणाकार केला की 221 मध्ये 1. शंभर डाव कोरडे गेले तरी तेवढीच शक्यता. पडताळायचंय? कृष्णेच्या घाटावर निवांत बसून नाणं 200 वेळा उडवा. सलग तीन छापे पडले की पुढचा निकाल वहीत मांडा. पंचवीसेक नोंदी मिळतील, छापा-काटा साधारण निम्मे-निम्मे.