स्कॅलप रश्श्यात का टाकू नयेत

तिसऱ्या, खुबे, कालवं आपल्याला नवीन नाहीत, पण हल्ली मुंबईत मोठ्या दुकानांच्या फ्रीझरमध्ये स्कॅलपही (हाही शिंपल्यातलाच एक प्राणी) दिसतात, चांगलेच महाग असतात, आणि बरेच जण ते आणून सरळ तिसऱ्यांसारखे रश्श्यात सोडतात. मग रबर होतं आणि पैसे वाया जातात. हे का होतं ते एकदा कळलं ना, की घरच्या तव्यावरसुद्धा स्कॅलप झकास जमतो.

तिसरी वाळूत रुतून बसते. स्कॅलप पोहतो! दोन्ही शिंपा फटाफट उघडझाप करून आतलं पाणी जोरात बाहेर फेकायचं आणि त्या धक्क्याने सटकायचं, तारामासा जवळ आला की हेच करतो. शिंपेच्या कडेने बारीक डोळ्यांची रांग असते, काही जातींत 200 पर्यंत, आणि त्या डोळ्यांत चक्क आरसे असतात, मला तर हे फारच भारी वाटतं. तिसरीत शिंपा मिटणारे स्नायू दोन, स्कॅलपमध्ये एकच, पण दणदणीत. पाकिटात मिळते ती पांढरी जाड चकती म्हणजे तो स्नायू. त्याच्या कडेला एक छोटा चिवट तुकडा चिकटलेला असतो, शिंपा तासन्‌तास घट्ट मिटून ठेवायचं काम त्याचं, तो बोटाने ओढला की निघतो, काढूनच टाका.

चकती मुळातच मऊ असते, गोडवाही तिचा स्वतःचा, ग्लायसिन नावाच्या अमिनो आम्लाचा. साधारण 50-55 अंशांना त्यातलं मायोसिन नावाचं प्रथिन घट्ट होतं, इथे थांबलात तर मस्त. 65 च्या पुढे ॲक्टिन हे दुसरं प्रथिन आकसतं, रस पिळून बाहेर येतो. रस्सा उकळतो 100 ला, म्हणजे काय होणार बघा.

पण वरचा खरपूस तपकिरी थर यायला पृष्ठभाग 140 अंशांच्या आसपास जावा लागतो (फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी 1912 मध्ये मांडलेली क्रिया), आणि वर पाणी असेपर्यंत तापमान 100 च्या पुढे हलतच नाही. त्यात काही स्कॅलप फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेले असतात, म्हणजे आपण पाण्याचेही पैसे देतो, आणि ते पाणी तव्यावर सुटतं. म्हणून पाकिटावर फॉस्फेट लिहिलंय का ते आधी बघाच.

रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या, टिश्यूने दाबून दाबून कोरडे करा, मीठ अगदी शेवटी कारण मिठाने पाणी सुटतं. बिडाचा तवा कडकडीत तापवा, थोडं तेल, चकत्या लांब लांब ठेवा, गर्दी केली की वाफ धरते. दीड-दोन मिनिटं एक बाजू, हलवायचं नाही, मग उलटून मिनिटभर. आणि नारळ-कोकमाचा रस्सा हवाच असेल तर तो वेगळा करून ताटलीत आधी ओता, स्कॅलप त्यावर ठेवा.