टेम्पलेटमधील नेस्टेड डेटा

वेबपानाच्या टेम्पलेटला (डेटासाठी जागा मोकळ्या ठेवलेल्या साच्याला) मिळणारा डेटा बहुधा एकात एक गुंफलेला असतो : ऑर्डरमध्ये वस्तूंची यादी, प्रत्येक वस्तूला किमतीचा तपशील. आतल्या थरातले मूल्य पानावर आणण्याचे नियम प्रत्येक टेम्पलेट इंजिनाने (साच्यात डेटा भरणाऱ्या सॉफ्टवेअरने) आपापले ठरवले आहेत.

त्यासाठी टिंब वापरण्याचा प्रघात (ऑर्डर.ग्राहक.नाव) सर्वाधिक रूढ आहे. त्याचे श्रेय पायथन भाषेतील जँगो या वेब फ्रेमवर्कला (२००५) कोणी दिले, तर ते ग्राह्य वाटत नाही. पर्ल भाषेतील टेम्पलेट टूलकिट या इंजिनात तो आधीपासून होता आणि मूळ लेखनपद्धती १९६०च्या दशकातील पीएल/वन भाषेतही आढळते. जँगोचा विशेष शोधाच्या क्रमात आहे : आधी डिक्शनरीतील (नाव-मूल्य जोड्यांच्या संचातील) की म्हणजे नाव, मग ॲट्रिब्यूट (ऑब्जेक्टचा गुणधर्म), शेवटी यादीतील क्रमांक. जिंजा हे पायथनमधीलच दुसरे इंजिन मात्र टिंब असल्यास आधी ॲट्रिब्यूट पाहते, चौकटी कंस असल्यास आधी की. फरक किरकोळ वाटला तरी तो अंगाशी येतो. ऑर्डरच्या डिक्शनरीत ‘आयटम्स’ नावाची की असेल, तर ऑर्डर.आयटम्स लिहिल्यावर जँगो वस्तूंची यादी देते. जिंजात डिक्शनरीची त्याच नावाची मेथड (अंगभूत फंक्शन) हाती लागते आणि तिच्यावर लूप (एकेक घटक घेणारी पुनरावृत्ती) लावताच एरर येते. उलट, पायथनची डिफॉल्टडिक्ट या प्रकारची डिक्शनरी जँगोला दिली, तर नसलेली ‘आयटम्स’ की विचारताक्षणी तयार होते. तिचे मूल्य रिकामी यादी असल्यास लूप मुकाट्याने संपतो. यातला दुसरा प्रकार अधिक वाईट म्हटला पाहिजे, कारण पान धडधाकट दिसते.

लूपच्या आतून बाहेरचे नाव दिसावे की नाही, यावरही एकवाक्यता नाही. पर्लच्या एचटीएमएल::टेम्पलेटमध्ये ‘ग्लोबल व्हार्स’ हा पर्याय चालू केल्याखेरीज ते दिसत नाही. मस्टॅश हे इंजिन (२००९) याच्या दुसऱ्या टोकाला आहे : नाव आत सापडले नाही तर ते थराथराने बाहेर शोधले जाते. त्यामुळे उपविभागाच्या डेटात शीर्षकच नसेल, तर तेथे मूळ विभागाचे शीर्षक छापले जाऊ शकते. हँडलबार्स या इंजिनाने हा शोध मुळात बंद ठेवला. बाहेरचे मूल्य हवे असल्यास दोन टिंबे व तिरपी रेघ लिहून ते स्पष्ट मागावे लागते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने हीच रीत अधिक सुरक्षित मानावी.

खोली आधी ठाऊक नसलेल्या डेटासाठी, उदा. मेनूत उपमेनू, टेम्पलेटचा तुकडा स्वतःलाच पुन्हा बोलावतो. जिंजात रिकर्सिव्ह लूपही आहे.

मधलाच थर गायब असल्यास जँगो सहसा रिकामी जागा छापते. जिंजाच्या मूळ मांडणीत शेवटचे नाव नसणे चालते, पण नसलेल्या मूल्याच्या आत आणखी काही मागितले की एरर येते.

इतकी हाताळणी टेम्पलेटने करावीच का, हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ टेरेन्स पार यांच्या २००४च्या शोधनिबंधात कठोरपणे हाताळलेला आहे. मॉडेल (डेटा व त्यावरचे नियम) व व्ह्यू (दिसणारे पान) यांची काटेकोर फारकत व्हावी, असे त्यांचे म्हणणे. प्रचलित इंजिनांपैकी बहुतेकांनी मधला मार्ग पत्करला आहे.