सिनेमाचं पोस्टर (हातानं रंगवलेलं)

सिनेमाच्या जाहिरातीसाठी चित्रकारानं रंगवून मग छापलेला मोठा कागद. नेहमीचा साइज वन शीट, साधारण 30 × 40 इंच. थेटरवरचं कापडी बॅनर म्हणजे होर्डिंग आणि लॉबीतली शोकार्डं (आत लावायचे जाहिरातीचे पुठ्ठे) ही त्याचीच भावंडं, पण ती छापायची नाहीत, हातानंच बनवायची.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. कोल्हापूरचे चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटर (1890–1954) यांच्या 'कल्याण खजिना' (1924) या चित्रपटाचं पोस्टर हे भारतातलं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं चित्र-पोस्टर म्हणून बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं, आणि मग पुढच्याने ते वाचून 'टिकलेलं' हा शब्द गाळून सरळ 'पहिलं पोस्टर' लिहायचं असं होत आलंय. काही नोंदी 'वत्सलाहरण' (1923) कडे बोट दाखवतात. त्याआधी जाहिरात मुख्यतः अक्षरांवर चालायची, फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (1913) ची जाहिरात तर 57,000 फोटो, दोन मैल लांब चित्र आणि तिकीट फक्त तीन आणे अशी आकड्यांवरच होती. पण फाळके स्वतः शिळाछापातले माणूस, रविवर्मा प्रेससाठी काम केलेले, तेव्हा त्यांनी चित्र असलेला कागद कधीच काढला नसेल हे जरा पटत नाही, पुरावा मात्र हाती नाही. भिंतीला खळ लावून चिकटवलेला कागद पहिल्या पावसात जायचा आणि उरलेला रद्दीत, त्यामुळे पहिलं कोणतं यापेक्षा कोल्हापुरात 1920 च्या आसपास ही पद्धत बसली एवढंच म्हणणं जास्त सुरक्षित. तिथं कारणही दिसतं. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे आधी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे, म्हणजे लांबून एका नजरेत कळेल असं मोठं चित्र काढायचा हात आधीच बसलेला होता, तोच बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या कामात उतरला.

छपाई आधी दगडावर म्हणजे लिथो. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, मूळ चित्र बघून कारागिरानं हातानं रंग वेगळे काढायचे, त्यामुळे छापलेला चेहरा मूळ चित्रकाराचा किती आणि प्रेसमधल्या माणसाचा किती हा प्रश्न उरतोच (चित्रकाराचं नाव मिळालं तरी या कारागिराचं सहसा मिळत नाही). पुढं ऑफसेट (पत्र्याच्या प्लेटवरून यंत्रानं होणारी छपाई) आलं. बॅनरचं तंत्र वेगळं: स्टिलवर म्हणजे सिनेमातल्या फोटोवर चौकोन पाडायचे, तेवढेच चौकोन मोठ्या कापडावर पाडायचे आणि एकेक चौकोन भरत जायचं. एम. एफ. हुसेन मुंबईत सुरुवातीला हेच काम करायचे. कोल्हापूरचे जी. कांबळे यांचं नाव 'मोगल-ए-आझम' (1960) च्या कामासाठी घेतात, शिवाजी महाराजांचं सरकारमान्य चित्रही त्यांचंच.

सत्तरच्या दशकात दिवाकर करकरे यांनी ब्रशऐवजी नाइफनं (रंग लावायच्या सुरीनं) जाड रंगाचे फटकारे मारून चेहरे बसवले, 'दीवार' (1975) चं पोस्टर त्यांचं. डिझाइन म्हणून बघायला बसलात तर हाच काळ आधी बघावा, लिथोचा काळ नाजूक आहे पण पेंटरचा राग-लोभ कागदावर दिसतो तो इथं. हातानं काढलेलं टायटलचं अक्षर हा तर वेगळ्याच नोंदीचा विषय.

नव्वदनंतर कॉम्प्युटर आणि फ्लेक्स आले, पेंटरचं काम आटलं.

आज जुनी पोस्टरं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना 1964) जपलेली आहेत, आणि मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर विकायला मिळतात, तिथंच त्याच चित्रांचे ट्रे, मग, पत्र्याच्या पाट्या असला मालही असतो. नवी छापलेली नक्कल भरपूर असते. लिथोच्या काळातलं म्हणून दाखवलेलं पोस्टर भिंग लावून बघावं, रंगाचे ठिपके एकसारखे ओळीत दिसले तर ती छपाई ऑफसेटची, लिथो नाही. घड्यांच्या खुणा खऱ्या आहेत का छापलेल्या तेही बोट फिरवून बघावं.