व्हीझ

व्हीझ : अरुंद झालेल्या श्वासमार्गातून हवा जाताना होणारा शिटीसारखा आवाज आणि तसा आवाज करीत कष्टाने श्वास घेणे, या अर्थांचा इंग्रजी शब्द. तो नाम व क्रियापद असा दोन्ही प्रकारे वापरतात. मराठीत ‘छातीत घरघर’ म्हणतात ती जवळपास हीच. धाप मात्र वेगळी. धापेत असा आवाज असतोच असे नाही.

इंग्रजीत हा शब्द साधारणतः 15व्या शतकाच्या मध्यापासून आढळतो. तो प्राचीन नॉर्स (स्कँडिनेव्हियातील जुनी भाषा) मधील ‘ह्वेसा’ (फूत्कारणे) या क्रियापदावरून आला असावा, असे बहुतेक कोशकार मानतात. प्राचीन इंग्रजीत ‘ह्वोसान’ (खोकणे) हे क्रियापद होते, त्यामुळे शब्द मूळचा इंग्रजीच असावा असेही सुचवता येते. परंतु त्यातील ओकारापासून आजचा ईकार सरळ निघत नाही, म्हणून नॉर्स उगमाचे पारडे जड ठरते. दोन्ही रूपांच्या मागे ‘क्वेस्’ हा इंडो-यूरोपीय धातू मानला जातो. संस्कृत ‘श्वस्’ हा त्याचाच वंशज. मूळच्या ‘क्व’चा संस्कृतात ‘श्व’ व जर्मानिक (इंग्रजी, नॉर्स इ.) भाषांत ‘ह्व’ झाला. ‘श्वेत’ आणि ‘व्हाइट’ ही जोडीही याच नियमाची. म्हणजे आपले श्वास, उसासा आणि विश्वास हे शब्द व्हीझचे दूरचे नातलग आहेत. ‘तक्रार करणे’ या अर्थाचे लॅटिन ‘क्वेरी’ आणि त्यामार्गे इंग्रजी ‘क्वॉरल’ (भांडण) हेही बहुधा याच कुळातले.

वैद्यकात ही संज्ञा छातीत सलग ऐकू येणाऱ्या उंच पट्टीच्या आवाजापुरती मर्यादित आहे. रूढ व्याख्येनुसार त्याची प्रमुख वारंवारता 400 हर्ट्‌झ किंवा अधिक असते. 200 हर्ट्‌झ व त्याखालच्या आवाजाला ‘रॉन्कस’ म्हणतात. अरुंद नलिकेच्या भिंती हवेच्या वेगाने थरथरतात, त्यातून हा नाद उठतो. तो श्वास सोडताना अधिक ऐकू येतो. दमा हे त्याचे परिचित कारण, एकमेव नव्हे. दम्याच्या अतितीव्र झटक्यात हवाच पुरेशी न हलल्याने आवाज थांबू शकतो, आणि ही शांतता सर्वांत धोक्याची असते. चरकसंहितेत तमकश्वासाच्या (दम्यासारख्या विकाराच्या) वर्णनात ‘घुर्घुरक’ असा ध्वनी सांगितला आहे.

नाटकवाल्यांच्या बोलीत 19व्या शतकात व्हीझ म्हणजे ठरावीक विनोद. पुढे ब्रिटिश बोलीत त्याला ‘चलाख युक्ती’ असाही अर्थ आला.