वॉकिंग फूट शिलाई मशीनची सेटिंग

वॉकिंग फूट मशीन म्हणजे जाड माल शिवायचं इंडस्ट्रियल शिलाई मशीन. चामडं, रेक्झिन, कॅनव्हास, सोफ्याचं कापड असलं काही साध्या मशीनवर घेतलं की खालचा थर मालाला खालून सरकवणाऱ्या दात्यांबरोबर पुढे सरकतो, वरचा मागे राहतो आणि शिवण संपेपर्यंत दोन कडा बोटभर चुकलेल्या असतात. इथे माल वरून दाबणारे पाय दोन असतात, आतला पाय सुईबरोबर खाली येऊन माल मागे सरकवतो, मग बाहेरचा पाय माल धरून ठेवतो तोवर आतला उचलून पुन्हा पुढे येतो, म्हणजे अक्षरशः चालल्यासारखं. सिंगर १११डब्ल्यू१५५, जुकी एलयू-५६३ यांच्यात सुई, आतला पाय आणि दाते तिन्ही एकत्र सरकतात, त्याला कंपाउंड फीड म्हणतात. जुकी डीयू-११८१ सारख्यात मात्र सुई जागेवरच राहते, फक्त पाय आणि दाते चालतात.

सेटिंग म्हटलं की लोक आधी हुकचं (सुईचा दोरा पकडून खालच्या दोऱ्यात गुंफणारा फिरता भाग) टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकचा मेळ, सोडवायला घेतात आणि तिथेच फसतात, कारण टायमिंग आपोआप क्वचितच जातं. सुरुवात सुईपासून करायची. १३५×१७ ही सुई कापडासाठीच्या टोकाची आणि १३५×१६ चामडं कापत जाणारी, दोन्हींची लांबी सारखीच, त्यामुळे अदलाबदल चालते, पण घरगुती मशीनची सुई इथे चालत नाही. ६९ नंबरच्या दोऱ्याला साधारण १८ ची सुई, ९२ ला २०, १३८ ला २२ किंवा २३. सुई पूर्ण वर ढकलून बसवायची आणि तिच्या डोळ्यावरची छोटी खाच (लांब खोबण नव्हे) हुकच्या बाजूला यायला हवी, ती जरा तिरकी बसली तरी मशीन टाके सोडतं.

टेन्शनचं (दोऱ्याच्या ताणाचं) बघायचं तर दोन थरांच्या मध्ये गाठ लपली पाहिजे. खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) शिव्या देतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो किंवा दाबाचा पाय वर न करताच दोरा ओवलेला असतो. आडव्या बॉबिनच्या मशीनमध्ये बॉबिनची केस (डबी) आतच राहते, म्हणून घरगुती मशीनसारखी केस दोऱ्याला लटकवून परीक्षा होत नाही, हातानेच दोरा ओढून अंदाज घ्यायचा.

पायाचा दाब कमी असेल तर सुई वर जाताना माल तिच्याबरोबर उचलला जातो, दोऱ्याचा फास नीट तयार होत नाही आणि टाका सुटतो, हे टायमिंगच्या बिघाडासारखंच दिसतं. जाड जोडावर पाय अडखळत असेल तर पायाची उचल वाढवायची, पण उचल वाढली की मशीन सावकाश चालवावं लागतं, नाहीतर खडखडाट. दोन पायांची उचल साधारण सारखी हवी, एकच पाय जास्त उचलत असेल तर टाके लहानमोठे पडतात.

एवढं सगळं करूनही टाके सुटत असतील तरच हुक. सुई सगळ्यात खाली नेऊन हँडव्हील हाताने हळूहळू फिरवायचं, सुई साधारण २.४ मिमी वर आली की हुकचं टोक सुईच्या मध्यावर, डोळ्याच्या थोडं वर यायला हवं, सुईला घासू नये पण फट कागदाएवढीच असावी. टाक्याची लांबी मात्र पुस्तिकेत सांगितली असेल तेवढीच ठेवा, कारण कंपाउंड फीडमध्ये सुई पुढेमागे झुलते आणि लांबी बदलली की माप बदलतं. नेमका आकडाही मॉडेलप्रमाणे थोडा वेगळा असतो.

एक गोष्ट आधी बघून घ्या: बऱ्याच मशीनना हुकसाठी सेफ्टी क्लच असतो. दोरा अडकून मशीन जाम झालं की तो सुटतो, सुई वरखाली होते पण हुक फिरत नाही, आणि माणूस टायमिंग गेलं समजून सगळं खोलून बसतो. अडकलेला दोरा काढायचा, छोटं बटण दाबून धरायचं आणि हँडव्हील फिरवायचं, टक् आवाज आला की क्लच बसला.

मशीन पळतंय म्हणून हात बसत नसेल तर मोटरची पुली बदला, ७५ मिमीच्या जागी ५० मिमी लावली तर वेग एक तृतीयांश कमी होतो आणि जोर वाढतो. पट्टा त्याप्रमाणे छोटा लागतो. क्लच मोटर (सतत फिरणारी, पेडल दाबलं की मशीनला जोडली जाणारी) असेल तर स्विच बंद केल्यावरही ती थोडा वेळ फिरत राहते, तेवढ्यात पेडलवर पाय पडला तर सुई चालू होते, म्हणून मोटर पूर्ण थांबल्याशिवाय सुईखाली बोट घालायचं नाही.