‘अ मॉडेस्ट प्रपोजल’: एका भयंकर प्रस्तावामागची नऊ वर्षे

जोनाथन स्विफ्ट याची ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ ही पुस्तिका १७२९ मध्ये डब्लिन येथे लेखकाचे नाव न घालता छापली गेली. गरिबांची मुले आईबापांना आणि देशाला भार होऊ नयेत, उलट समाजाच्या उपयोगी पडावीत, असा तिचा जाहीर हेतू होता. आणि त्यासाठी सुचवलेला उपाय असा, की वर्षभराची झालेली मुले सधन लोकांना खाण्यासाठी विकावीत. उपहासाच्या मार्गाने मन वळवणाऱ्या लेखनाचा नमुना म्हणून साहित्याचे विद्यार्थी आजही ती अभ्यासतात. मात्र एका विक्षिप्त प्रतिभेची झेप एवढ्याच दृष्टीने तिच्याकडे पाहिले, तर याच लेखकाने याच प्रश्नावर आधी किती सरळ आणि कळकळीच्या सूचना केल्या होत्या, हे नजरेआड होते.

आयर्लंडची अवस्था तेव्हा बिकट होती. इंग्लंडच्या संसदेने १६९९ मध्ये आयरिश लोकरी कापड इंग्लंडखेरीज अन्य देशांत पाठवण्यास बंदी घातली होती, आणि इंग्लंडमध्ये त्या मालावर जबर जकात असल्यामुळे तो धंदा दोन्हीकडून कोंडला गेला. मोठे जमीनदार लंडनमध्ये राहत आणि कुळांकडून वसूल झालेला खंड तिकडेच खर्च होई. बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांना जमीन विकत घेण्याची कायद्याने मनाई होती. त्यातच १७२६ पासून लागोपाठ पिके बुडाली आणि मुले कडेवर घेतलेल्या भिकारणींनी डब्लिनचे रस्ते भरून गेले. पुस्तिकेचा आरंभ याच दृश्याने होतो.

स्विफ्ट हा १७१३ पासून डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तेथील प्रमुख धर्माधिकारी होता. १७२० मध्ये त्याने निनावी पत्रक काढून आयरिश लोकांनी आपल्याच देशात तयार झालेला माल वापरावा, असे आवाहन केले. सरकारने मुद्रक एडवर्ड वॉटर्स याच्यावर खटला भरला. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले, तेव्हा मुख्य न्यायाधीशांनी तिला फेरविचारासाठी नऊ वेळा परत पाठवले. पुढे विल्यम वुड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडण्याचा परवाना मिळाला, तेव्हा स्विफ्टने १७२४ मध्ये एका साध्या कापडविक्याचे सोंग घेऊन लोकांना पत्रे लिहिली आणि ती नाणी कोणीही स्वीकारू नयेत, असे बजावले. लेखकाचा सुगावा देणाऱ्यास ३०० पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. सगळ्या डब्लिनला नाव ठाऊक असूनही कोणी पुढे आले नाही, आणि १७२५ मध्ये परवाना मागे घेण्यात आला. मात्र ही पत्रे छापणारा जॉन हार्डिंग तुरुंगात गेला आणि पुढे लवकरच मरण पावला. ‘मॉडेस्ट प्रपोजल’ छापली ती त्याची विधवा सेरा हिने, आणि त्या छापण्यामागचे धैर्य मला लेखकाच्या धैर्याइतकेच मोठे वाटते.

नाण्यांचा लढा जिंकला तरी दारिद्र्य हटले नाही, आणि १७२८ मध्ये देशाच्या स्थितीवर लिहिलेल्या रोखठोक निबंधानेही काही घडले नाही. त्यानंतर स्विफ्टने जी भाषा हाती घेतली, ती त्या काळातील योजनाकारांची होती. माणसांचा हिशेब आकड्यांत मांडण्याची पद्धत इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम पेटी याने सतराव्या शतकात रूढ केली होती. आयर्लंडचे सुमारे दहा लाख लोक इंग्लंडला हलवून मागे गुरे सांभाळण्यापुरते तीन लाख ठेवावेत, अशी योजना त्याने १६८७ मध्ये गंभीरपणे मांडली होती. लोकसंख्या हीच राष्ट्राची संपत्ती, हे सूत्र तर सर्वमान्यच होते. स्विफ्टचा प्रस्तावकर्ता, म्हणजे पुस्तिकेत बोलणारे काल्पनिक पात्र, हे सूत्र शब्दशः घेतो: दरवर्षी गरिबांघरी जन्मणारी मुले १ लाख २० हजार, त्यांपैकी २० हजार पैदाशीसाठी राखायची, उरलेली १ लाख विकायची, संगोपनाचा खर्च दोन शिलिंग, किंमत दहा शिलिंग, आईला निव्वळ नफा आठ शिलिंग. यातला स्वर जराही चढत नाही. जमीनदारांनी आईबापांना आधीच गिळले असल्यामुळे मुलांवरही त्यांचाच हक्क, हे वाक्यही तो त्याच सौम्य सुरात सांगून जातो.

अशा सोंगातला धोका आधीच दिसला होता. इंग्रज लेखक डॅनिएल डिफो याने १७०२ मध्ये, प्रस्थापित चर्चबाहेरील पंथीयांचा निःपात करावा, असे कडव्या चर्चवाद्याच्या तोंडून मांडले. ते अनेकांनी खरे मानले आणि उलगडा झाल्यावर डिफोला भर चौकात खोड्यात उभे केले गेले. स्विफ्टच्या लेखनात खरे म्हणणे कोठे आहे, याची खूण मात्र मजकुरातच आहे. शेवटाकडे प्रस्तावकर्ता इतर उपायांची नावेसुद्धा आपल्यापुढे काढू नयेत, असे बजावतो आणि तसे बजावताना ते सर्व सांगतो: परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर पौंडामागे पाच शिलिंग कर, देशी कापडाचा आणि सामानाचाच वापर, आपसांतील गटबाजीचा त्याग, कुळांबाबत थोडीतरी दया. यांतील देशी मालाची सूचना तीच, जिच्यासाठी १७२० मध्ये वॉटर्सला न्यायालयात उभे राहावे लागले होते.

लोकरी मालाच्या निर्यातीवरील निर्बंध उठण्यास १७७९-८० साल उजाडले. स्विफ्ट १७४५ मध्येच मरण पावला होता.